शहापुरातलं एक मेडिकल आणि त्याच्या दारातला फळा

मेडिकलच्या दुकानाचा रिव्ह्यू एवढा लांबलचक कशाला असं वाटेल, पण या दुकानाबद्दल कुणीतरी लिहायलाच पाहिजे होतं. बेळगावात शहापूरला, साड्यांच्या दुकानांच्या मागल्या बाजूला हे जुनं मेडिकल आहे. नाव मुद्दाम घालत नाही कारण दुकान चालवणाऱ्या काकांनीच नको म्हणून सांगितलंय, नाव आलं की लोक लांबून लांबून रिपोर्टच्या फायली घेऊन येतील आणि मी डॉक्टर नव्हे, हे त्यांचं म्हणणं. शहापूर-वडगावच्या लोकांना मात्र लगेच कळेल, कारण दारात काळा फळा टांगलेलं मेडिकल या बाजूला दुसरं नाही.

रेटिंग म्हणाल तर पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढं लिहिते.

औषधं तर सगळीकडं मिळतात. इथं जे वेगळं मिळतं ते म्हणजे व्हॉट्सॲपवर, फेसबुकवर, रील्समध्ये तब्येतीबद्दल जे काय काय येतं ते खरं की खोटं हे काका बघून सांगतात, आणि फुकट सांगतात. मोबाईल काउंटरवर ठेवायचा, व्हिडिओ लावायचा, काका चष्मा वर करून शेवटपर्यंत बघतात. शेवटपर्यंत हे महत्त्वाचं, कारण बाकी कुणाला दाखवलं तर दोन सेकंदांत "खोटं आहे ओ, सोडा" म्हणतात आणि आपण आपले तसेच घरी येतो.

आता याची गरज काय ते आपल्या भागात राहणाऱ्याला सांगायला नको, तरी लिहिते. आपल्याकडं आरोग्य खात्याचं पत्रक येतं ते कन्नडमध्ये, डॉक्टरची चिठ्ठी आणि औषधाच्या पाकिटातला कागद इंग्रजीत. आणि मराठीत काय येतं? फॉरवर्ड येतात. कोल्हापूरच्या नातेवाईकांकडून, पुण्याच्या भाच्याकडून, मुंबईच्या सोसायटीच्या ग्रुपवरून, आणि इतक्या गोड मराठीत असतात की वाचणाऱ्याला वाटतं आपलंच कुणीतरी मायेनं सांगतंय. माझ्या सासूबाईंना कन्नड फाडफाड बोलता येतं पण वाचता येत नाही. म्हणजे डेंग्यूबद्दल सरकारनं लिहिलेलं भिंतीवरचं पोस्टर त्यांच्यासाठी नुसतं डासाचं चित्र, आणि डेंग्यूबद्दल कुणीतरी बसल्या जागी बनवलेला मेसेज मात्र अगदी शब्दन् शब्द वाचलेला. खोटं आपल्या भाषेत घरपोच येतं आणि खरं दुसऱ्या भाषेत लांब ऑफिसात टांगलेलं असतं, मला तर सगळ्या रोगाचं मूळ इथंच दिसतं. काकांच्या दुकानाचं मोल आहे ते यामुळं.

फळ्याबद्दल सांगते. साधा शाळेतला लाकडी फळा आहे, डावी बाजू मराठी आणि उजवी कन्नड. कन्नड बाजू दुकानात कामाला असणारी मुलगी लिहिते, ती बैलहोंगलकडची, अक्षर मोत्यासारखं. वर मोठ्या अक्षरात खरी गोष्ट, मग खाली एका ओळीत त्याचं कारण आणि सगळ्यात शेवटी बारीक अक्षरात "यावर फिरणारा मेसेज चुकीचा आहे". मी विचारलं, खोटा मेसेज वर मोठा लिहून त्यावर लाल फुली का मारत नाही, लोकांना लगेच कळेल की. तर म्हणाले, "वैनी, लोक फळ्याचा फोटो काढतात, फुली कापतात आणि 'शहापूरच्या मेडिकलमध्ये लिहिलंय' म्हणून पुढं पाठवतात. आणि घाईत वाचणाऱ्याच्या डोक्यात पहिली मोठी ओळच राहते, मग ती खरीच असलेली बरी." त्यानंतर मी पण घरच्या ग्रुपवर काही दुरुस्त करताना आधी खरं काय ते लिहिते.

मी गेले त्या आठवड्यात फळ्यावर पॅरासिटामॉल होतं. तो मेसेज तुम्हाला पण आला असणार, पी-५०० लिहिलेली पांढरीशुभ्र चकचकीत गोळी घेऊ नका, त्यात माचुपो नावाचा व्हायरस आहे. कित्येक वर्षं फिरतोय, मरत नाही. एक मावशी तीच गोळी परत द्यायला आल्या होत्या, नातवाला ताप आणि गोळी घरात पडून. काकांनी काय केलं, तर स्ट्रिप हातात घेतली आणि मागं छापलेलं सगळं मावशींना बोट ठेवून वाचून दाखवलं, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, एक्सपायरी, आणि ५०० म्हणजे ५०० मिलिग्रॅम, औषधाचं माप, दुसरं काही नाही. मग सांगितलं की तो व्हायरस आहे खरा, पण दक्षिण अमेरिकेत, बोलिव्हियात, तिथल्या एका जातीच्या उंदरांमुळं पसरतो, कोरड्या गोळीवर जगत नाही. मग नातवाचं वजन विचारलं आणि म्हणाले, ही गोळी मोठ्यांची आहे, लहान मुलाचा डोस वजनावर असतो, डॉक्टरनं चिठ्ठीत काय लिहिलंय ते आणा. म्हणजे मेसेज खोटा ठरवून गोळी खपवली असं नाही. मावशी शांत होऊन गेल्या.

डेंग्यूच्या दिवसांत दुकानात गेलात तर काका वेगळेच दिसतील, तेव्हा त्यांचा आवाज चढतो. २०२४ च्या सप्टेंबरात कर्नाटक सरकारनं डेंग्यूला साथीचा रोग म्हणून जाहीर केलं, घरात पाणी साठवून डास वाढवले तर दंड लावला, आणि त्याच दिवसांत आमच्या गल्लीत सगळे पायाला खोबरेल तेल चोळत होते, कारण मेसेज होता की डेंग्यूचा डास गुडघ्याच्या वर उडत नाही आणि खोबरेल लावलं की जवळ येत नाही. काका म्हणाले, तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला डेंग्यू होतो तो कसा मग? हा डास दिवसा चावतो, स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो, कुंडीखालच्या बशीत, गच्चीवरच्या टायरमध्ये, नळाला पाणी रोज येत नाही म्हणून भरून ठेवलेल्या पिंपात. बेळगावात पाणी साठवल्याशिवाय भागतंय कुणाचं, तर निदान पिंपाला झाकण घाला आणि आठवड्यातनं एकदा घासून रिकामं करा.

त्यांचा खरा राग तेलावर नाही, अंगदुखीच्या गोळ्यांवर आहे. ताप आला, अंग मोडून आलं की लोक येऊन सरळ दुखण्याची गोळी मागतात, कुठल्यातरी रीलमध्ये "या गोळीनं दोन तासांत ताप गायब" म्हणून बघितलेलं असतं. डेंग्यू असला तर आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक असल्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो, त्यामुळं डेंग्यू नाही हे कळेपर्यंत तापाला पॅरासिटामॉलच. साथीच्या दिवसांत काका तापवाल्या माणसाला असल्या गोळ्या देतच नाहीत, गिऱ्हाईक रागावून समोरच्या दुकानात गेलं तरी. आणि एक गोष्ट जी मला कुठल्याच मेसेजमध्ये वाचायला मिळाली नव्हती ती इथं कळली, की डेंग्यूत ताप उतरायला लागतो तेव्हाच जास्त लक्ष ठेवायचं. पोटात जोराचं दुखणं, सारखी उलटी, हिरड्यातनं रक्त, माणूस गळून झोपाळल्यासारखा होणं, यातलं काही दिसलं की लगेच दवाखाना. लोक ताप उतरला म्हणून निवांत होतात ओ!

पपईच्या पानाच्या रसानं डेंग्यू बरा होतो म्हणतात, त्याबद्दल पण विचारलं मी. इथं त्यांनी सरळ "खोटं" म्हटलं नाही, आणि हे मला फार आवडलं. म्हणाले, प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी थोड्या वाढतात असं दाखवणारे काही छोटे अभ्यास आहेत, पण त्यानं माणूस वाचतो हे सिद्ध झालेलं नाही, आणि डेंग्यूत माणूस दगावतो तो बऱ्याचदा रक्तवाहिन्यांतनं पाणी झिरपून बीपी खाली गेल्यामुळं, नुसता प्लेटलेटचा आकडा बघत बसून चालत नाही. पानाचा रस पाजत घरी थांबला आणि सलाईनची वेळ गेली तर तो रस महागात पडतो.

साप. यावर जरा सविस्तर लिहिते कारण खानापूर-जांबोटीची माणसं या दुकानात बरीच येतात, माझं माहेर पण त्याच बाजूला. मेसेज असतात ते म्हणजे घट्ट दोरी बांधा, ब्लेडनं चिरा द्या, तोंडानं ओढून काढा, आणि नवीन म्हणजे अमुक होमिओपॅथीचे थेंब घरात ठेवा, जिभेवर टाकले की विष उतरतं, बाटली वर्षानुवर्षं टिकते. हा शेवटचा मेसेज लोक फार विश्वासानं मागायला येतात, शेतकरी माणूस, घरात बाटली असली तर बरं असं वाटणारच. काका देत नाहीत. त्याऐवजी समोर बसवून सांगतात. सापाच्या विषावर औषध एकच, अँटिव्हेनम, ते घोड्याच्या रक्तापासून बनतं, शिरेतनं द्यावं लागतं आणि दवाखान्यातच द्यावं लागतं कारण त्याची रिॲक्शन आली तर सांभाळायला डॉक्टर लागतो. चावलेला हात किंवा पाय हलवायचा नाही, मोडलेल्या हाडाला बांधतात तशी पट्टी लावून स्थिर ठेवायचा, अंगठ्या बांगड्या जोडवी काढायची कारण सूज येते, किती वाजता चावला ते लक्षात ठेवायचं, १०८ ला फोन. साप मारायला, पकडायला मागं धावायचं नाही.

तिथं एक माणूस होता, तोंडावर म्हणाला, आमच्या गावात मंत्र टाकून दहा जण बरे झालेत, ते काय खोटं? काका रागावले नाहीत. म्हणाले, ते दहा जण बरे झाले हे खरंच आहे. पण आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही, म्हणून ते काही न करता पण वाचले असते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांपैकी एखाद्यानं विष सोडलेलं असलं तर मंत्र चालत नाही. आणि मण्यारीचं तर रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावलेलं कळत पण नाही, दुखत नाही, सूज नाही, पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होऊन मिटायला लागतात आणि घरचे म्हणतात काल काहीतरी खाल्लं असेल. हे ऐकताना तो माणूस एकदम गप्प झाला. मग म्हणाला, चुलतभावाचं असंच झालं होतं. काकांनी पुढं काही विचारलं नाही, नुसतं मण्यारीचं चित्र असलेला कागद त्याला दिला, तालुक्याच्या सरकारी दवाखान्याचा नंबर मागं लिहून, आणि गावातल्या ग्रुपवर फोटो टाकायला सांगितलं. २०२४ च्या फेब्रुवारीपासून कर्नाटकात सर्पदंशाची प्रत्येक केस कळवणं दवाखान्यांना बंधनकारक केलंय, खासगीला पण, हे पण मला तिथंच कळलं.

शुगरचं प्रकरण माझ्या घरातलं. सासऱ्यांनी एक व्हिडिओ बघितला, भेंडी रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी ते पाणी प्यायचं, महिन्यात गोळ्या बंद. गोळ्या बंद करायच्या तयारीत होते. मी, नवरा, नणंद सगळ्यांनी समजावलं, उलट हट्ट वाढला. काकांनी त्यांना विचारलं, "अण्णा, भेंडी प्या की, कोण नको म्हणतंय, पण गोळी चालू ठेवून प्या आणि पंधरा दिवसांनी शुगर तपासू. कमी आली तर डॉक्टरच गोळी कमी करतील, आपण होऊन करायची नाही." सासरे कबूल झाले. आम्ही घरात त्यांना अडाणी ठरवत होतो आणि काकांनी त्यांचा मान ठेवून तेच काम केलं. त्यांनीच सांगितलं की १९५४ चा कायदा आहे, मधुमेह, कॅन्सर असे आजार बरे करतो अशी जाहिरात करायलाच बंदी आहे, त्यामुळं "मुळासकट बरा" असं कुणी छापलं असेल तर तिथंच ओळखायचं. इन्सुलिन घेणाऱ्या लहान मुलांच्या बाबतीत मात्र ते एवढं सबुरीनं बोलत नाहीत. अशा मुलाचं इन्सुलिन थांबवलं तर काही दिवसांत जीवावर बेततं, तिथं भेंडी-बिंडी काही चर्चा नाही, सरळ डॉक्टरांना फोन लावून देतात.

आयुर्वेदाच्या विरोधात आहेत का असं कुणीतरी विचारतंच. तर नाही. त्यांचं उत्तर असं की आपल्याच बेळगावात आयसीएमआरची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, तिथं शिकलेली माणसं झाडपाल्याचा अभ्यास करतात, तपासून बघतात. झाडपाल्याचं वावडं नाही, तपासल्याशिवाय छातीठोक सांगण्याचं आहे.

हे सगळं ते कधीपासून करतात विचारलं तर म्हणाले २०१७ पासून. त्या वर्षी फेब्रुवारीत कर्नाटकात गोवर-रुबेलाच्या लसीची मोठी मोहीम निघाली होती, नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना, आणि व्हॉट्सॲपवर एवढ्या अफवा उठल्या की आया शाळेतनं पोरांना घरी आणत होत्या. तेव्हा पहिल्यांदा फळा आणला. मग कोविड आला. २०२१ च्या उन्हाळ्यात नाकात लिंबाचा रस सोडला की ऑक्सिजन वाढतो हे आपल्या उत्तर कर्नाटकात कसं पसरलं होतं ते आठवत असेल, लोक लिंबू आणून मग दुकानात किती थेंब विचारायला यायचे. तेव्हा काका दिवसभर मास्क लावून तेच तेच सांगत उभे होते.

घरी बसून तपासायचं असेल तर काय करायचं ते पण शिकवतात. मेसेजवर दोन बाण आणि "अनेकदा फॉरवर्ड केलेला" असं आलं की तो कुणाच्या ओळखीतल्या डॉक्टरनं लिहिलेला नसतो, कुठून कुठून फिरत आलेला असतो. मोठ्या हॉस्पिटलचं नाव असेल तर त्या हॉस्पिटलच्या स्वतःच्या पानावर बघायचं, गरम नारळपाण्यानं कॅन्सर बरा होतो हा मेसेज टाटा मेमोरियलच्या नावानं फिरला तेव्हा तो आमचा नाही असं हॉस्पिटलनं स्वतः सांगितलं होतं. मराठीत तपासणी करणाऱ्या साइट आहेत, फॅक्ट क्रेसेंडो मराठी, न्यूजचेकर मराठी, तिथं मेसेजमधला एखादा शब्द टाकून शोधायचं. पीआयबी, म्हणजे केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाचं, फॅक्ट चेक पण आहे पण ते केंद्र सरकारशी संबंधित गोष्टींपुरतं, भेंडीच्या पाण्याबद्दल तिथं विचारून उपयोग नाही. आणि कर्नाटकात १०४ वर फोन करून तब्येतीचा सल्ला विचारता येतो.

आता अर्धा मार्क का कापला. एक म्हणजे त्यांची व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट आहे, त्यात ते व्हॉइस मेसेज टाकतात आणि ते फार लांब असतात, सहा-सात मिनिटं. खोटा मेसेज तीन ओळींचा आणि त्याचं उत्तर सात मिनिटांचं, कोण ऐकणार आणि कोण पुढं पाठवणार? मी त्यांना सांगितलंय की फळ्यावर लिहिता तेवढंच टाका. आता दुकानातली मुलगी फळ्याचा फोटो टाकायला लागलीय, ते बरं आहे, पण खडूचं अक्षर मोबाईलवर नीट दिसत नाही.

दुसरी गोष्ट जास्त टोचणारी आहे आणि काकांनी वाचली तरी चालेल. काउंटरच्या काचेत, फळ्यापासून चार हातांवर, "शुगर कंट्रोल" लिहिलेला ज्यूसचा डबा आणि इम्युनिटीच्या गोळ्या विकायला होत्या. बाहेर एक सांगायचं आणि आत दुसरं विकायचं हे मला पटलं नाही आणि मी तोंडावर बोलले. त्यांनी कारणं दिली, लोक मागतात, न ठेवलं तर बाकीचं सामान पण दुसरीकडनं घेतात. ज्यूस नंतर दिसला नाही, इम्युनिटीच्या गोळ्या अजून आहेत. ज्या माणसाच्या शब्दावर आजी-आजोबा औषध चालू ठेवतात त्यानं त्या पण काढाव्यात. दुकान चालवायचं असतं हे मला कळतं, माझ्या वडिलांचं पण दुकान होतं, तरी काढाव्यात.

सासूबाईंचं मत वेगळं, त्या म्हणतात डबा असला तर असू दे, माणूस खरं बोलतो.

एक चांगली गोष्ट राहिली. फॉरवर्ड कुणी पाठवला हे काका विचारतात, पण नाव ठेवायला नाही. "भाच्यानं पाठवलंय? काळजीनं पाठवलंय त्यानं. त्याला असं लिहा," म्हणून चार ओळी सांगतात, मुलगी त्या तिथंच टाईप करून देते, मराठी पाहिजे तर मराठी, कन्नड पाहिजे तर कन्नड. त्यात "तू खोटं पाठवलंस" असं कुठं नसतं. आमच्या नणंदेनं तशा ओळी माहेरच्या ग्रुपवर टाकल्या तर भांडण न होता जुना मेसेज डिलीट झाला, आमच्या ग्रुपचा इतिहास माहीत असणाऱ्याला यातलं नवल कळेल.

जायचं असेल तर दुपारी बारा ते दीड बरं, गर्दी कमी असते. संध्याकाळी सातनंतर दवाखाने सुटतात, तेव्हा चिठ्ठ्यांची रांग असते, त्या वेळी व्हिडिओ दाखवत बसू नका, आजारी माणसं उभी असतात. गाडी लांब लावावी लागते, रस्ता अरुंद आहे. रविवारी दुपारनंतर बंद. ब्रॉडकास्ट पाहिजे असेल तर काउंटरवर नंबर द्या आणि त्यांचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह करा, सेव्ह केल्याशिवाय मेसेज येत नाही, बरेच जण इथंच चुकतात आणि मग काका पाठवतच नाहीत म्हणून तक्रार करतात.